सपरीतली बैठक आणि मधली भिंत

मी, शकुंतलाबाई मारोतराव काटेखाये, राहणार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, वयाची पासष्टी ओलांडलेली, धंदा शेती, माझे चित्त ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीला घातलेले नसताना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. नजर अधू झाल्यामुळे मजकूर मी सांगितला आणि पवनीच्या दस्तलेखकांनी उतरवला. हे कायद्याला लागत नाही, असे ते मध्ये मध्ये सुचवत होते. तेही मी लिहायला लावले आहे.

कलम १. तलावाखालच्या माझ्या हिश्श्याच्या धानाच्या सर्व बांध्या माझा पुतण्या भोजराज यादोराव काटेखाये याला द्याव्यात. मला मूलबाळ नाही. माझ्या आजारपणात त्यानेच मला एसटीने भंडाऱ्याला नेले, आणले, आणि बोलून दाखवले नाही.

कलम २. राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्याही भोजराजच्याच. माझ्या वाट्याची दर्शनी सपरी, म्हणजे पुढची ओसरी, मात्र त्याची नाही. तांदळाची पोती ठेवायला त्याने ती मागितली होती, आदराने मागितली होती. मी नाही का म्हणते, हे त्याला कळावे म्हणून पुढचे लिहिते.

माझे वडील लाखांदूरला शिक्षक होते. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवले आणि लग्नात पुस्तके दिली. माझे पती चौथीनंतर शाळेत गेले नाहीत, पण ऐकण्याची त्यांना भारी हौस. सन १९७१ च्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, आम्ही सपरीत रविवारची बैठक सुरू केली. शेजारच्या जनाबाई भुरे येत. वरठीच्या रेल्वे स्टेशनात नोकरीला असलेले टेकचंद सेलोकर रविवारी गावी आले की येत. मी एखादी जुनी गोष्ट किंवा कविता वाचायची, मग कवीने संध्याकाळच का घेतली, विहीर कोरडीच का दाखवली, यावर बोलणे चाले. चहा निवून जाई.

माझे भासरे यादोराव, म्हणजे पतीचे थोरले बंधू, यांना हे खपले नाही. एका रविवारी ते सपरीच्या पायरीवर उभे राहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "बाईनं अर्थ सांगाचा आन माणसाईनं आयकाचा, हे या घरात चालन नाही."

माझे पती भावापुढे कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी खाली पाहूनच म्हणाले, "मंग दादा, घर दोन करू."

सन १९७३ मध्ये वाटणी झाली. सपरीच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. त्या भिंतीने आमचे आणि थोरल्या घराचे बोलणे बंद झाले. माझी जाऊ चंद्रकला विहिरीवर भेटली तरी नजर खाली घाली. तिला तशी ताकीद होती. बैठक मात्र आमच्या अर्ध्या सपरीत भरत राहिली. माझे पती सन १९८० मध्ये गेले. महिनाभर मी पुस्तक उघडले नाही. मग टेकचंद आणि जनाबाई आपणहून येऊन बसले, आणि मी वाचायला घेतले.

यादोरावांचे ते वाक्य मी माफ केलेले नाही. पण त्याचा दोष त्यांच्या मुलावर, भोजराजवर, ठेवत नाही.

यादोराव सन १९८४ मध्ये वारले. वर्षश्राद्ध उरकल्यावर एका दुपारी चंद्रकला माझ्या दारात आली. पाणी दिले, तिने घेतले नाही. म्हणाली, "पेटी भेटली का तिची?"

मला काही उमगले नाही. मग तिने सांगितले. वाटणीनंतर दर रविवारी ती भिंतीपलीकडे तांदूळ निवडत बसे आणि आमचे वाचन ऐके. एकदा मी एका सासरी निघालेल्या मुलीची गोष्ट वाचत होते. नाव डगमगते, तिची पेटी नदीत पडते आणि नावाडी पाण्यात उडी घेतो. इथपर्यंत चंद्रकलाने ऐकले आणि यादोराव घरी आले. ती उठून गेली. पुढचे राहिले ते राहिलेच.

मला ती बैठक आठवली. टेकचंदचे म्हणणे होते, पेटी म्हणजे माहेर. माझे पती म्हणाले होते, पेटी म्हणजे तिचे लग्नाआधीचे नाव. बराच वाद झाला होता. पण गोष्ट संपते तेव्हा ती मुलगी काठावर उभी असते, नावाडी अजून पाण्यातच असतो.

"गोष्टीत थे सांगतलंच नाही," मी म्हणाले.

चंद्रकला उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मी रोज एक शेवट करत होती. ज्या दिवशी घरात बोलनी खाल्ली, त्या दिवशी पेटी बुडे. बरा दिवस असला का भेटे."

नंतर तिने पाणी मागितले. त्या रविवारपासून ती बैठकीत येते.

कलम ३. माझी सर्व पुस्तके चंद्रकलाबाईची. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. आता अक्षराला बोट लावून ती मला वाचून दाखवते. एखाद्या शब्दाला अडली की मी सांगते. कोणी घाई करू नये.

कलम ४. सपरी बैठकीसाठी राहावी. तिचा ताबा चंद्रकलाबाईकडे, तिच्यामागे भोजराजने ठरवावे. तो बैठकीत कधी बसलेला नाही, बसला तर चांगले. पोस्टातील शिल्लक माझ्या क्रियाकर्माला आणि सपरीच्या छपराच्या कवेलूंना लावावी.

कलम ५. ~~माझ्या मृत्यूनंतर सपरीतील मधली भिंत पाडावी.~~

वरील कलम माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. कच्चा मसुदा चंद्रकलाबाईनेच मला वाचून दाखवला. या कलमाशी ती थांबली आणि म्हणाली, "तू मेल्यावर कायले? मी तवा कोणासंग बसू?" दुसऱ्या दिवशी तिने तुलाराम गवंड्याला बोलावले. भोजराजने स्वतः माती उचलली. आता त्या जागी भिंत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही उरले नाही.

चंद्रकलाबाईची साक्षीदार म्हणून सही घ्यायची माझी इच्छा होती. ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, असे दस्तलेखकांनी सांगितले. ती जवळ बसली आहे, एवढे नमूद करते.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, माझ्या मनासारखे आहे.

सही: शकुंतलाबाई मारोतराव काटेखाये

आमच्यादेखत सही झाली:
१. टेकचंद सेलोकर, वरठी
२. जनाबाई भुरे, आसगाव

मुक्काम आसगाव, दिनांक १७ नोव्हेंबर १९८७