डाव्या हाताचे प्रोग्राम

वडगाव, बेळगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

केशवअण्णा,

नमस्कार. आई बरी आहे. आप्पांचा खोकला आहे तसाच. तू मच्छे गावात खोली घेतल्याला महिना झाला, धाकट्या भावाचा फोन उचलत न्हाईस, म्हणून भरमूच्या टेम्पोतनं तुझा कॉम्प्युटर पाठवतोय, सोबत हे पत्र. छापूनच पाठवतोय. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, तूच म्हणायचास.

लिनक्स तुझंच आहे. काळा पडदा, माऊसशिवाय चालणारं सगळं, तू जसं सजवलं होतंस तसंच. मी वरनं चार फुकटातले प्रोग्राम घातलेत. घाबरू नको, आठ दिवस वापरून बघितलेत, तेबी नुसत्या डाव्या हातानं.

तुझ्या सगळ्या खुब्या म्हणजे तीन-तीन बटणं एकदम दाबायची. पहिल्या प्रोग्राममुळं आता एकामागनं एक दाबलीस तरी चालतंय. दुसरा प्रोग्राम कॉपी केलेलं शेवटचं शंभर लक्षात ठेवतो. तिसऱ्यात 'खब' एवढंच टाइप केलंस की खडेबाजारातल्या मारुतीरावांच्या दुकानाचा पत्ता आणि "साडीच्या काठाचं डिझाईन सोबत जोडलं आहे" हे सगळं आपोआप उमटतं. चौथा माझा लाडका. चित्र काढताना हात थरथरला तरी रेघ सरळ करून देतो. मी मोर काढला. तुझ्यासारखा न्हाय, पण मोर आहे हे कळतंय.

मशिन जुन्या तारखेवर न्यायचा प्रोग्राम तुझाच होता. हे चार घालायच्या आधी मी ३० सप्टेंबरवर, खंडेनवमीच्या आदल्या दिवसावर नेऊन बघितलं. गेलं की! तुझी डिझाईनं जिथल्या तिथं. मशिन मागं गेलं, बाकी काय मागं जाणार?

इथंच सही करणार होतो. पण प्रोग्राम सांगायला कोण पत्र लिहितंय, अण्णा?

खंडेनवमीला माग बंद होता. आडवं सूत फिरवणाऱ्या धोट्याला झेंडूची माळ, तुझ्या कीबोर्डालाबी हळद-कुंकू. मारुतीराव प्रसादाला आलते, नवा काठ दाखवा म्हणाले. तू बाहेर गेलतास, म्हणून मी बसलो. काय दाबलं गेलं देव जाणे, पडद्यावरचं सगळं गायब! तेवढ्यात तू आलास, हसलास आणि त्यांच्यापुढं म्हणालास, "बैलाला काय कळतंय? त्यो माग हाकणारा." तेबी हसले.

बारा-बारा तास माग मी चालवायचा आणि नाव तुझ्या डिझाईनचं. ते गेले तरी तू परत "बैल" म्हणालास, आणि कीबोर्डवर उजवा हात ठेवलास. माझं टाळकं सटकलं. पूजेतला धोटा उचलला. पहिला घाव रागाचा होता. दुसऱ्याला तुझी बोटं काटकीसारखी मोडल्याचा आवाज आला, तू ओरडलास. तिसरा का मारला, मला अजून ठाऊक न्हाय. लोखंडी टोक हातात घुसलं. माळ रक्तानं धोट्याला चिकटून बसली.

आप्पा धावत आले, आणि तू म्हणालास, "माग चालू केलतो, हात अडकला."

पूजेच्या दिवशी माग चालवला म्हणून आप्पांनी तुझ्या मोडक्या हाताकडंबी न बघता थोबाडात दिली. दवाखान्यातनं आलास तर दारात उभं केलं न्हाय. मी बाजूला उभा. खरं काय ते सांगितलं न्हाय. लाज वाटते रं.

माग रक्त प्यालेला, घरात नको म्हणून आप्पांनी त्याला लिंबू बांधलं, भंगारवाला ठरवला. गेल्या शनिवारी, एक तारखेला, तो मागाचे पट्टे सोडायला लागला, तवा राहवलं न्हाय. मागानं काय केलतं?

म्हटलं, "माग न्हाय, आप्पा. मी."

आप्पा माझ्याकडं वळले. मग विचारलं, "कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"ठेव हितं."

मागाच्या चौकटीवर ठेवला. त्यांनी तोच धोटा घेतला. पहिल्या घावाला करंगळी मोडली, दुसऱ्याला मनगट. तिसऱ्याला आई आडवी आली. आप्पांनी धोटा टाकला आणि मागावर डोकं आपटून रडले. "बिनगुन्ह्याचं पोरगं हाकललं रं मी!"

डावा हात का, ते कळलं असेल आता. प्लास्टर दीड महिना आहे. हे चार प्रोग्राम आधी माझ्या गरजेला शोधले, मग म्हटलं, अण्णाचीबी हीच गत मी केलीय.

लिंबू सोडलं. माग राहिला. आप्पा खोकत खोकत चालवतात. तुझ्यापुढं यायला त्यांना तोंड न्हाय, मला तर न्हाईच न्हाय.

कॉम्प्युटरच्या खोक्यात, कीबोर्डाखाली, धोटा ठेवलाय. धुतलेला न्हाय. मी तुला तीन मारले, आप्पांनी मला दोन मारले. तिसरा तुझा. डाव्या हातानं मार, पण तो मारायला तरी घरी ये.

तुझाच बैल,
अमृत