हिन्नर्कची दुलई

५ जानेवारी १९४७
सरपंचांनी माळ्यावर निर्वासित आणून बसवले त्याला वर्ष होईल. पूर्व प्रशियाची काल्वाइट बाई आणि तिची चार वर्षांची उर्टे. पोरीचे लाकडी जोडे दिवसभर माझ्या डोक्यावर — टक टक टक! डोकं उठतं.

९ जानेवारी
बाई आज खाली आली. दारातच उभी राहिली. पोर खोकतेय म्हणे. "ताई, एखादी डेके असेल तर द्या ना." आमच्या जर्मनीत अंगावरचं पांघरूणही डेके आणि डोक्यावरचं छतही डेके. मी फटकन म्हणाले, "एक दिलीय की डोक्यावर!" ती कसनुसं हसली आणि गेली.

दुलई आहे. नाही असं नाही. माझ्या नवऱ्याची, हिन्नर्कची, पिसांची. तो रशियात लढायला गेला त्याला तीन वर्षं झाली, जिवंत की मेला पत्ता नाही. पण पलंगावर त्याची बाजू मी रोज अंथरते. सासूबाई बजावून गेल्यात — हरवलेल्याचं अंथरूण मोडलं की माणूस परतत नाही. मग कशी देऊ?

१३ जानेवारी
खोकला खालपर्यंत ऐकू येतो. दुलई दोनदा घडी केली. दोनदा परत पसरली.

१६ जानेवारी
उर्टे गेली. सकाळी.

१९ जानेवारी
जमीन गोठलेली. खड्डा खणायला तिघं लागले. बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मी मारलं पोरीला. इथे लिहिते, बोलू कुणाजवळ!

२ फेब्रुवारी
बाई भावाकडे निघून गेली. किल्ली टेबलावर ठेवली, "येते" म्हणाली नाही. वर झाडायला गेले. भिंतीच्या फटीफटीत चिंध्या कोंबलेल्या. खिडकीला आतून बर्फ.

६ फेब्रुवारी
दुपारी शलगम चिरत होते. वर टक टक टक. धावत गेले. कुणी नाही.

१४ फेब्रुवारी
आता रोजच. बरोबर जेवायच्या वेळेला. पाद्र्यांना सांगितलं. म्हणाले, थंडीनं लाकूड वाजतं, आणि एकट्या माणसाला काय काय ऐकू येतं! असेल. माझ्या मनाचेच खेळ असू देत, देवा.

२३ मार्च
हिन्नर्क आला! माझा हिन्नर्क! फाटकात उभा होता, मी ओळखलंच नाही — नुसती हाडं. रडले, हसले, सूप पाजलं. अंथरूण तयारच होतं. सासूबाई खरं बोलल्या होत्या. वरच्यांबद्दल त्याला एक अक्षर सांगितलं नाही. सांगणारही नाही.

२४ मार्च
जेवण करून तो दुलईत पडला होता, छताकडे बघत. म्हणाला, "वर कुणाचं लेकरू राहतं गं?"