‘नाही’साठी जागा

अब्बा, घरात आपण हिंदीच बोलायचो, पण अक्षरं काढायला तुम्ही मला मराठीच शिकवलीत, म्हणून मराठीत लिहिते आहे. कुरखेड्याकडचं ते गाव तुम्हाला आठवत असेल. खाणीविरुद्ध तिथे सभा झाली होती आणि रस्त्यालगतच्या धानाच्या गोदामावर ‘आमचे जंगल देणार नाही’ असं रंगवायला तुम्हाला बोलावलं होतं. मी दहावीत होते. तुम्ही रंग आणायला गेलात आणि मी हौसेने अक्षरं मोठी काढली. ‘देणार’पाशी भिंत संपली. उरलेला शब्द मी कोपरा वळून बाजूच्या भिंतीवर लिहिला. रस्त्यावरून दिसत होतं ते एवढंच, ‘आमचे जंगल देणार’. एक म्हातारा म्हणाला, "काऊन वं पोरी, कंपनीवाल्यायनं चाय पाजली का तुह्या बापाले?" सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. चुन्याची बादली आणता, आख्खी ओळ पुसता आणि गावाला कळावं म्हणून मराठीतच मला म्हणता, "‘नाई’च गेलं, तं मंग राह्यलं काय?"

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी तालुक्याच्या कचेरीत कंत्राटी ऑपरेटर आहे. खाणीबाबत गावोगावी झालेल्या ग्रामसभांची माहिती संगणकात भरते. सभा झाली का, किती जण हजर होते, एवढेच रकाने. गाव काय म्हणालं याला रकाना नाही. ठराव स्कॅन करून जोडायचा असतो, तो कोणी उघडत नाही. त्याच गावाचंही मी भरलं: सभा झाली, होय. महिन्याभरात मोबाइलवर एक नकाशा फिरू लागला. सभा झालेली गावं हिरवी आणि वर मथळा, ‘खाणीला गावांची संमती’. बातम्यांतही तोच. शेजारची गावं मोर्च्याला निघणार होती. हे गाव फुटलं असं समजून ती घरीच राहिली.

परवा त्या गावची एक बाई कचेरीत आली. ठरावावर पहिली सही तिचीच. मोबाइल माझ्यापुढे धरून हळूच म्हणाली, "बाई, आमी तं नाई म्हनलं होतं. मंग आमचं गाव हिरवं काऊन?" मी म्हटलं, ते वरून होतं. ती भांडली नाही. शेजारच्या गावांना दाखवायला ठरावाची एक प्रत तेवढी मागितली. साहेब समोरच बसले होते आणि माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतं. प्रिंटर बंद आहे, असं मी तिला सांगितलं. ती बसने आली होती, बसने परत गेली.

हे पत्र कुणाच्या हाती जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. प्रिंटर चालू होता.