एलीयाला आधी भाकर मिळाली

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि आज लिहायला बसलेय ती भांडायलाच! येत्या रविवारी उपासनेनंतर आपल्या वाशीच्या चर्चच्या मंडळीची मीटिंग आहे. तुम्ही सुरू केलेल्या समुपदेशनाच्या खोलीत यापुढे फक्त शास्त्र आणि प्रार्थना, असं कमिटीनं ठरवत आणलंय. मी लोकांना डॉक्टरकडे पाठवते, ते बंद. सेक्रेटरी अंकल काय म्हणाले माहितेय? "तुझ्या पप्पांनी कधी कुणाला गोळ्या खायला नाही पाठवलं."

खरं काय ते मला ठाऊक होतं. तुम्हीच तर तोंड बांधून ठेवलंय ना माझं!

किती वाद घातले आपण! मी सायकॉलॉजी घेतली तेव्हा म्हणालात, "देवानं बनवलेलं मन माणसं काय दुरुस्त करणार?" रबाळ्याच्या कंपनीत मशिन बिघडलं की मात्र मॅन्युअलही बघायचात आणि जुन्या फिटरलाही विचारायचात. तेव्हा बरं चालायचं!

मग आपल्या त्या खोलीत ती शिरवण्याची बाळंतीण आली. नाव इथेही लिहीत नाही. झोप नाही, घास गिळवत नाही, बाळाकडे बघवत नाही. आणि तुम्ही तिला तीन दिवसांची उपास-प्रार्थना सांगितलीत. अहो, जी जेवतच नव्हती तिला उपास? दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, मला मरायचंय."

तुम्ही पांढरेफटक पडलात. "पोरी, तुझ्या त्या मनाच्या डॉक्टरबाईंना फोन लाव," म्हणालात आणि स्वतः तिला रिक्षानं घेऊन गेलात. ती हळूहळू सावरली. तुम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करायचात आणि गोळी घेतली का, हेही रोज विचारायचात.

तिला डॉक्टरकडे नेलंत त्या संध्याकाळी बायबलमधला एलीया संदेष्ट्याचा अध्याय उघडून बसलात. तोही मरण मागत होता. देवानं त्याला उपदेश नाही केला. आधी झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं. "चाळीस वर्षं वाचतोय गं हे," म्हणालात आणि रडलात. मग डोळे पुसून म्हणालात, "हे मंडळीत बोलू नकोस."

का, पप्पा? लाज वाटली? मला तर त्या दिवसाइतका तुमचा अभिमान कधीच वाटला नव्हता.

सात वर्षं शब्द पाळला. आता नाही पाळणार. उद्या दुसरी कुणी तशीच आली, तर तिला काय नुसता उपास सांगू? रविवारी मी उभी राहीन, एलीयाचा अध्याय वाचेन आणि सगळं सांगेन. तिचं नाव घेणार नाही. तुमचं घेईन.

तुमचीच हट्टी,
रूथ