रुंद फाटकाचं कुलूप

प्रिय मिरचीबाई,

उद्यानाच्या रुंद फाटकाला कुलूप असायचं. तुझी व्हीलचेअर त्यातूनच आत जाते, म्हणून तू फोन करायचीस आणि मी चावी घेऊन धावत यायचो. "आले चावीवाले महाराज!" म्हणायचीस. कॉलेज अर्धवट सोडून इथे रखवालीला चिकटलो, त्याचं एवढंच सार्थक होतं.

एकदा मला यायला उशीर झाला. तू उन्हात ताटकळलीस. "सगळे आपापले आत जातात, मीच का रे विचारायचं?" म्हणालीस. माझं डोकं फिरलं, मी दगडाने कुलूपच तोडलं.

आता तू परस्पर तळ्याकडे जातेस. फोन येत नाही.

काल साहेब म्हणाले, "मोटारसायकली घुसतायत. नवं कुलूप लावू, चावी तूच ठेव."

"नको. लावलंत तर परत तोडीन."

मग डबा खाल्ला. चव लागली नाही, एवढंच.

तुला न कळलेला,
फाटकावरचा