पासष्ट टक्के

प्रिय कांदेबाई,

इतक्या वर्षांनी या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस. कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर दाबून आपण दुभागणाऱ्या पेशी शोधायचो. तुझ्या डोळ्यांना धार लागायची आणि मी दटावायचे, रड नंतर, आधी मोज.

माझ्या पाठीवरचा तीळ काढला, हे तुला माहीत आहे. तो त्वचेचा कॅन्सर निघाला. काल सविस्तर रिपोर्ट ह्यांच्या फोनवर आला. डॉक्टर सोमवारी भेटणार. मी आंघोळीला गेले होते, तेवढ्यात ह्यांनी तो वाचूनही टाकला. बाकीचं काही कळलं नाही, शेवटचा आकडा मात्र कळला. पेशीवाढीचा निर्देशांक, पासष्ट टक्के. जन्मभर गणिताचे पेपर तपासलेला माणूस, त्याने ती माझ्या जगण्याची टक्केवारी धरली. मी केस पुसत बाहेर आले तर म्हणतात कसे, बाईसाहेब, फर्स्ट क्लास मिळालाय.

तुला समजावायला नको. शंभरातल्या पासष्ट पेशी दुभागायच्या मार्गावर आहेत. गाठ घाईत आहे. एकट्या या आकड्यावर सगळं ठरत नाही, गाठीची जाडीही बघतात, पण तीही माझ्या बाजूची नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. भाजीवाल्याचीसुद्धा चूक न सोडणारी मी, गुपचूप टॉवेल वाळत घालायला गेले. तोवर ह्यांनी बहिणीला फोन लावला, मग मुलाला. आता घरात कुठेही जा, पासष्ट टक्के आहेतच. शेजारीण अभिनंदन करून गेली. नणंद म्हणाली, वहिनी, कॉलेजात तरी एवढे पडले होते का? मी हसले. तीळ काढल्यापासून ह्यांचं जेवण तुटलं होतं. काल दोनदा भात मागून घेतला. मी वाढत राहिले. आता बाल्कनीचं दार बदलायला सुतार आलाय, हे शीळ घालत त्याला मापं सांगतायत आणि मी स्वयंपाकघराला कडी लावून लिहितेय. फोनवर बोलायची सोय नाही, भिंती पातळ आहेत.

तर, रविवारी ये. सोमवारी डॉक्टर आकडा उलगडतील तेव्हा ह्यांच्या शेजारी कुणीतरी हवं. माझ्याकडे बघू नकोस, त्यांना धर. तुझा नवा नंबर ते सारखा मागतायत. पत्र पोचल्याचं कळव, मगच देईन. ते आकडा सांगतील, तुला ऐकताक्षणी उमगेल. तू अभिनंदन कर. रडायचं ते नंतर.

तुझीच,
खडूस