ख्वाजाच्या गिटारीतील दोन पिकअप आणि खोडलेले कलम

मी, निसार चमन मुल्लाणी, वय वर्षे चौपन्न, धंदा पंपाच्या मोटारी रिवाइंड करणे, राहणार सदर बाजार, कोल्हापूर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की, येत्या सोमवारी मिरजेला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर तीन वेळा म्हणाले, म्हणून हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट लिहू नका म्हणणारेच जास्त आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर आणि उद्यमनगरातील दुकानाचा गाळा यांविषयी मला काही लिहिता येत नाही. शरियतप्रमाणे मी फक्त एक तृतीयांश मालमत्ता, आणि तीही वारस नसलेल्यांना, लिहून देऊ शकतो. बाकीचे बहीण सुलतानबी, राहणार मुरगूड, आणि उचगावचे चुलत भाऊ यांना हक्काप्रमाणे जाईल. ऑपरेशनची तारीख कळल्यावर चुलत भावांनी येऊन गाळ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. निदान मी एस.टी.त बसेपर्यंत थांबायला हरकत नव्हती.

खालील वस्तू त्या एक तृतीयांशात सहज बसतात.

कलम २. कॉइल गुंडाळायचे हाताने फिरवायचे वायंडिंग मशीन, फेरे मोजणाऱ्या काउंटरसह, शेजारच्या गाळ्यात हाच धंदा करणारे पिराजी यांना. अकरा वर्षे ते हे मशीन मागून नेतात आणि काउंटर शून्यावर न आणता परत करतात. आता त्यांचा त्रास त्यांनाच होऊ दे.

कलम ३. इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प्लिफायर व वायरी. ही गिटार मी १९७६ साली मुंबईहून जुनी विकत आणली, माझा धाकटा भाऊ ख्वाजा याच्यासाठी. तो गणपतरावांच्या ऑर्केस्ट्रात वाजवत असे. दोन वर्षांपूर्वी मलकापूरचा कार्यक्रम आटोपून येताना त्यांचा टेम्पो घाटात उलटला. बाकीचे वाचले, ख्वाजा गेला. गिटारीला ओरखडा नाही. त्याची बायको अमीरबी माझ्याच घरी राहते. कायद्याने ती माझी वारस नाही, म्हणून मुद्दाम लिहितो की गिटार व ॲम्प्लिफायर तिचे.

कलम ४. पिकअपचा खुलासा. हा करावा लागतो, कारण मी गिटारीचे मूळ पिकअप काढून मुंबईला विकले असे गणपतराव गावभर सांगतात. विकलेले नाहीत. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली लोहचुंबक आणि कॉइल यांची पट्टी. तारेचा आवाज तीच उचलते. या गिटारीत त्या दोन आहेत, एक वर दांडीजवळ, एक खाली, आणि कोणती चालवायची ते स्विच वर-खाली करून ठरते. मूळच्या दोन्ही तार न छेडताही गुणगुणत. मोटारीची कॉइल भरली की आम्ही ती वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतो, म्हणजे आतली तार हलत नाही, गुणगुणत नाही. मी याही तशाच भाजल्या. चौकटी प्लॅस्टिकच्या निघाल्या. पापड झाला. ख्वाजा एवढेच म्हणाला, "भाईजान, ही काय पंपाची मोटर हाय?"

म्हणून नवीन करावे लागले. चौकटी मी मोटारीत घालतो त्या जाड लेदरॉइड कागदाच्या केल्या, लोहचुंबक जुनेच घेतले, आणि केसाएवढी तार गुंडाळली. फेरे वाढवले की आवाज मोठा आणि जाड होतो, पण साफपणा दबतो. फेरे कमी केले की साफ होतो, पण दणका जातो. एकाच पिकअपमधून दोन्ही मिळत नाही. हे गणपतरावांना मी कमीत कमी दहा वेळा सांगितले असेल.

चार पिकअप केले. दर शुक्रवारी नमाजानंतर एक बसवायचा, ख्वाजाने बाहेरच्या खोलीत वाजवायचे. मोटारींच्या आवाजात माझे कान गेलेले, आणि ख्वाजाला सगळेच बरे वाटे. आतून भाकरी थापता थापता अमीरबी ओरडायची.

"ही नको! घोंगड्याखालनं बोलल्यागत वाजतीया."

"ही बरी. एकेक तार येगळी कळतीया."

किती फेऱ्यांचा बसवलाय हे तिला कधी सांगितलेले नसे. शेवटी दांडीजवळ सात हजार फेऱ्यांचा साफ आवाजाचा पिकअप बसला आणि खाली अकरा हजारांचा जाड आवाजाचा. निवड तिची आहे. लोक मला शाबासकी देत आणि मी ती घेत असे, म्हणून हे इथे लिहिले.

ख्वाजा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या दुव्याला, गणपतराव ऑर्केस्ट्रासाठी गिटार मागायला आले. म्हणाले, "मास्तर, ती वरची पट्टी काढून टाका बघू. दोन्हीकडं दणक्याचीच बसवा. मंडपातल्या शेवटच्या माणसाच्या छातीत बसाय पायजे आवाज!"

मी विचारले, "आणि हळू गाणे आले तर?"

"हळू गाण्याला लोक च्या प्यायला जात्यात की!"

त्या दिवसापासून दर महिन्याला येतात. मी दर महिन्याला नाही म्हणतो.

कलम ५. दांडीजवळचा सात हजार फेऱ्यांचा पिकअप कोणीही, कधीही काढू नये, कारण ख्वाजाला तो साफ आवाज सर्वांत प्रिय होता.

वरील कलम मी काट मारून रद्द केले आहे. काटेखालून ते वाचता येते, म्हणून कारण देतो. काल शुक्रवारी दुपारी मी इथपर्यंत लिहिलेला कागद पिराजी आणि अमीरबी यांना वाचून दाखवला. अमीरबी तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "भाईजान, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"मी भाऊ आहे त्याचा. मला माहीत आहे."

"तुमी दुकानाला गेलासा की ते खालचाच लावायचे. भांडी थरथरायची घरातली. बोळात तुमची सायकल वाजली की लगेच स्विच वर."

पिराजी हसले. मी बघितल्यावर थांबले.

"मग मला कधी बोलला का नाही तो?"

"तुमी त्यो वरचा येवढा जीव लावून गुंडाळला हुता. कसं बोलायचं?"

मी विचारले, मग गिटारीचे काय करायचे तुझ्या मनात आहे? गणपतरावांना देणार?

"दीन, न्हाईतर देनार न्हाय. पट्टी काढीन, न्हाईतर ठिवीन. मला कळंल तसं करीन. तुमी गेल्यावर बी स्विच कुठं ठेवायचा ते तुमीच सांगनार व्हय?"

मला राग आला. कागद घेऊन दुकानात गेलो आणि एक चांगली चालणारी मोटार उगाच उघडून परत बंद केली. दोन वर्षे मी ख्वाजाच्या नावाने भांडत होतो, आणि ते भांडण माझ्याच आवडीसाठी होते असे निघाले. संध्याकाळी घरी येऊन गिटार ॲम्प्लिफायरला लावली, स्विच खाली केला आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या. मला वाजवता येत नाही. फळीवरचे पेले वाजले.

आवाज वाईट नाही. तो अकरा हजारांचाही मीच गुंडाळला होता. दोन वर्षांत हे एकदाही माझ्या मनात आले नाही.

तरी कलम ५ ऐवजी असे वाचावे: गिटार अमीरबीची. अट काही नाही.

कलम ६. माझ्या जियारतीच्या दिवशी कोणी कोणत्याही वाद्याचा विषय काढू नये. चौथ्या दिवशी काढावा, आणि अमीरबीकडे काढावा.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदार क्रमांक दोन मुद्दाम बोलावले आहेत, म्हणजे आपल्याला कोणी सांगितले नव्हते असे त्यांना नंतर म्हणता येणार नाही. सही करताना त्यांनी विचारले, "म्हंजे आता मी कुनाला विचारायचं?" अमीरबीने आतूनच उत्तर दिले, "मला. आनि बसून विचारायचं, उभ्या उभ्या न्हाय." ते बसले.

ठिकाण: सदर बाजार, कोल्हापूर
तारीख: १२ नोव्हेंबर १९८३

सही: निसार चमन मुल्लाणी
(कलम ५ वरील काट माझ्या हातची आहे. तिथेही सही केली आहे.)

साक्षीदार
१. पिराजी, मोटार रिवाइंडिंग, उद्यमनगर
२. गणपतराव, ऑर्केस्ट्रा चालक, कोल्हापूर